इकॉलॉजीत माणसं येतात, पण टिकत का नाहीत?

समजा एक जाहिरात आलीय. पक्ष्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायला फील्ड असिस्टंट हवाय, चार महिने, पगार नाही, राहायची सोय फुकट, जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, दुर्बीण स्वतःची आणायची, गाडी चालवता यायला हवी. आणि सगळ्यात खाली एक ओळ, "सर्वांचं स्वागत आहे". ती ओळ कितीही मनापासून लिहिलेली असू दे, वरच्या ओळींनी चाळणी आधीच लावलेली असते. चार महिने बिनपगारी काढायचे तर मागे कुणीतरी घर चालवणारं लागतं. ज्याच्या पगारावर घर अवलंबून आहे, जिचं मूल लहान आहे, जो कधी गाडी शिकलाच नाही कारण घरात गाडीच नव्हती, ही माणसं अर्जच करत नाहीत, आणि न केलेल्या अर्जाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. मग दोन वर्षांनी पगारी जागा निघते, तिथे लिहिलेलं असतं "फील्डचा अनुभव आवश्यक", आणि निवड समितीतली मंडळी अगदी प्रामाणिकपणे म्हणतात, अहो आम्ही कुणाला नाकारलंच नाही, वेगळ्या घरातली मुलं येतच नाहीत त्याला काय करणार!

या "येतच नाहीत"बद्दलच आज जरा सविस्तर लिहायचंय. इकॉलॉजी म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचं शास्त्र, आणि फील्ड म्हणजे जंगल, माळ, समुद्र, जिथे जाऊन नोंदी करायच्या ती जागा. कारण इकॉलॉजीतल्या डायव्हर्सिटी आणि इन्क्लूजनची चर्चा बहुतेक वेळा माणसं आणायची कशी यावरच अडकते, पोस्टर, भाषणं, शाळेतल्या मुलांना जंगलात नेणं वगैरे. ते वाईट नाही. पण माझं मत असं की खरी गळती नंतर होते, आणि ती होते अगदी कंटाळवाण्या गोष्टींमुळे: पैसे कोण देतं, टॉयलेट कुठे आहे, तक्रार कुणाकडे करायची, पेपरवर नाव कुणाचं.

आधी शब्द सोडवून घेऊ. डायव्हर्सिटी म्हणजे कामाच्या जागी कोण कोण आहे, म्हणजे बाई, पुरुष, ट्रान्स, काळे, गोरे, गरीब घरातले, अपंग, वेगळी मातृभाषा असलेले, हे सगळे. हे मोजता येतं. इन्क्लूजन म्हणजे आलेल्या माणसाला तिथे नीट काम करता येतंय का, मीटिंगमध्ये त्याचं बोलणं कुणी मनावर घेतंय का, आणि पाच वर्षांनी तो माणूस तिथे आहे का. हे मोजणं अवघड, म्हणून बऱ्याच संस्था पहिलं मोजतात आणि दुसरं झालं असं समजून मोकळ्या होतात.

आता परिस्थिती किती विषम आहे ते बघा. २०२१ मध्ये एक अभ्यास आला, त्यात इकॉलॉजी आणि जवळच्या विषयांतल्या १३ मोठ्या जर्नल्समधले (म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकांमधले) १९४५ ते २०१९ पर्यंतचे पेपर घेतले आणि सगळ्यात जास्त पेपर लिहिणारे १०५१ लेखक काढले. त्यात बायका किती? ११ टक्के. आणि या लेखकांपैकी ७५ टक्के फक्त पाच देशांतले, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि कॅनडा. जगातली बहुतेक जैवविविधता उष्ण कटिबंधात, आणि तिच्याबद्दल सर्वाधिक लिहिणारे भलतीकडेच! अमेरिकेतली इकॉलॉजिकल सोसायटी १९१५ ची, तिला पहिली बाई अध्यक्ष मिळाली १९५० मध्ये, लुसी ब्रॉन, म्हणजे पस्तीस वर्षं गेली त्यात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "त्यांना आवडच नसते". चार्ल्स हेन्री टर्नर यांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस, १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली पीएचडी, मधमाश्यांना रंग कळतात का यावर १९१० मध्ये पद्धतशीर प्रयोग करून छापलेले, आयुष्यात सत्तरच्या आसपास पेपर. आणि नोकरी? सेंट लुईसमधल्या एका हायस्कूलमध्ये मास्तर. मोठ्या विद्यापीठात त्यांना जागा मिळाली नाही, लॅब नाही, पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, शाळा सांभाळून सुट्टीत बागेत जाऊन प्रयोग करायचे. या माणसाच्या आवडीबद्दल शंका घ्यायची आपली हिंमत होईल का? आणि टर्नर निदान दिसतात तरी, सत्तर पेपर मागे आहेत म्हणून. जे पहिल्या बिनपगारी उन्हाळ्यातच बाहेर पडले त्यांचं काय, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

बरं, न्यायाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी विज्ञानाचं नुकसान होतं ते वेगळंच. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण पक्ष्यांच्या गाण्याचं आहे. कित्येक दशकं पुस्तकात असंच होतं की गाणारे पक्षी म्हणजे नर, मादी गप्प बसून ऐकते आणि निवडते. हे आलं कुठून, तर अभ्यास करणारे बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतले, आणि तिथल्या थंड भागात नर जास्त गातात हे खरंच आहे. उष्ण प्रदेशात मात्र माद्या भरपूर गातात. २०१४ मध्ये जगभरातल्या नोंदी एकत्र करून बघितल्या तेव्हा तपासलेल्या गायक पक्ष्यांच्या प्रजातींपैकी ७१ टक्क्यांमध्ये मादी गाते असं निघालं, एवढंच नाही तर या सगळ्या पक्ष्यांच्या पूर्वजांमध्येच माद्या गात असणार असा निष्कर्ष आला, म्हणजे "माद्या गायला कशा लागल्या" हा प्रश्नच उलटा निघाला, काही ठिकाणी त्या गप्प का झाल्या हे विचारायला हवं होतं. मग २०२० मध्ये कुणीतरी असं बघितलं की मादीच्या गाण्यावर पेपर लिहितं कोण. पक्ष्यांच्या गाण्यावरच्या एकूण पेपर्समध्ये लेखकांत पहिलं नाव बाईचं असण्याचं प्रमाण ४४ टक्के, आणि मादीच्या गाण्यावरच्या पेपर्समध्ये ६८ टक्के. पुरुषांना मादीचा आवाज ऐकू येत नाही असं कुणी म्हणत नाहीये. पण कुठला प्रश्न विचारण्यासारखा वाटतो हे विचारणाऱ्याच्या आयुष्यावरून ठरतं, आणि सगळे विचारणारे एकाच साच्यातले असले तर सगळ्यांचा आंधळा कोपराही एकच असतो.

दुसरं उदाहरण नकाशाचं. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते, कुठल्या वस्तीत घरकर्ज देणं धोक्याचं हे दाखवायला, आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या. तिथे पैसा गेला नाही, झाडं लागली नाहीत. २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं की आजही या लाल वस्त्यांमधून पक्ष्यांच्या नोंदी कमी येतात, कारण नोंदी करणारे लोक तिकडे कमी जातात. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा वर्णभेद आजच्या डेटात भोक पाडून बसलाय, आणि तो डेटा घेऊन आपण शहरात पक्षी कुठे आहेत याचे मॉडेल बनवतो.

इकॉलॉजिस्ट लोकांना इथे एक उपमा फार आवडते, की गवताळ प्रदेशात जितक्या जास्त प्रजाती तितका तो दुष्काळात तग धरतो, तसंच टीमचं. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक या संशोधन केंद्राच्या प्लॉटमध्ये (आखून घेतलेल्या तुकड्यांमध्ये) १९८८ च्या दुष्काळानंतर खरंच असं दिसलं होतं. पण मला ही उपमा वापरायला जरा संकोच वाटतो. माणसं म्हणजे प्लॉटमधलं गवत नाही, आणि उद्या कुणी सिद्ध केलं की एकसारख्या माणसांची टीम जास्त पेपर काढते तर काय बाकीच्यांना हाकलायचं? इकॉलॉजीतल्याच गटांवर २०१३ मध्ये एक अभ्यास झालेला, बाई-पुरुष मिश्र गटांच्या पेपरना ३४ टक्के जास्त सायटेशन मिळाले, म्हणजे दुसऱ्या पेपर्सनी त्यांचा तितका जास्त उल्लेख केला, असं त्यात आहे. आकडा चांगला आहे, पण सगळा युक्तिवाद त्याच्यावर टांगू नये असं मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट, फील्ड. इकॉलॉजीची कामाची जागा ऑफिससारखी नसते. ती एखाद्या बेटावरची झोपडी असते, बोट असते, जंगलातला तंबू असतो. चार-सहा माणसं, आठवडेच्या आठवडे. गाडीची चावी सुपरवायझरकडे, सॅटेलाइट फोन सुपरवायझरकडे, परमिट त्याच्या नावावर, आणि पुढच्या नोकरीचं शिफारसपत्रही तोच लिहिणार. अशा ठिकाणी तो माणूसच त्रास देणारा निघाला तर विद्यार्थिनीने जायचं कुठे? ऑफिसात निदान संध्याकाळी घरी जाता येतं.

२०१४ मध्ये फील्डवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक सर्व्हे आला, त्यात ६६६ जणांनी उत्तरं दिली, जास्त करून मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्ववाले, पण जीवशास्त्रवालेही होते. ६४ टक्के लोकांनी सांगितलं की फील्डवर त्यांना लैंगिक स्वरूपाच्या शेरेबाजीला तोंड द्यावं लागलं, आणि २० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की अंगाला हात लावण्यापासून ते हल्ल्यापर्यंत गोष्ट गेली. लोकांनी स्वतःहून भरलेला सर्व्हे आहे, त्यामुळे हेच प्रमाण सगळीकडे असेल असं म्हणता येणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी मला आकड्यांहून महत्त्वाच्या वाटतात. एक, त्रास झालेले बहुतेक जण शिकाऊ होते, आणि बायकांच्या बाबतीत त्रास देणारे जास्त करून वरच्या पदावरचे. दोन, फील्डवर वागण्याचे काही नियम सांगितल्याचं निम्म्याहून जास्त लोकांना आठवतच नव्हतं. नंतर त्याच गटाने २६ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, त्यात असं निघालं की जिथे नियम स्पष्ट होते आणि मोडल्यावर खरंच काहीतरी कारवाई व्हायची, तिथले अनुभव चांगले होते, लोक त्या दिवसांबद्दल आनंदाने बोलत होते. म्हणजे "फील्ड म्हटलं की असं चालायचंच" हे खोटं आहे, फील्ड तसं चालवलं जातं म्हणून तसं चालतं.

धोका टीमच्या आतूनच येतो असंही नाही. २५ मे २०२० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर नावाचा कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षक एका बाईला म्हणाला की कुत्र्याला पट्टा लावा, तिथे तसा नियमच आहे, तर तिने पोलिसांना फोन करून सांगितलं की एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय. त्याने व्हिडिओ काढला म्हणून जगाला कळलं, आणि काही दिवसांतच ब्लॅक बर्डर्स वीक, म्हणजे कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकांचा आठवडा, सुरू झाला. आता विचार करा, इकॉलॉजिस्टचं काम म्हणजे पहाटे अंधारात, गळ्यात दुर्बीण, हातात कसलीतरी जाळी, अनोळखी माणसाच्या शेताच्या कडेला तासभर उभं राहणं. हे काम गोऱ्या माणसाने केलं तर लोक विचारतात, काय बघताय? काळ्या माणसाने केलं तर कुणीतरी पोलिसांना फोन करतं. समलिंगी किंवा ट्रान्स संशोधकाला तर काही देशांत कायद्याचीच भीती असते, आणि ग्रँटच्या, म्हणजे संशोधनाच्या निधीच्या, अर्जात धोक्यांच्या यादीत साप, उष्माघात, नदीचा पूर सगळं लिहिलेलं असतं, माणसांपासूनचा धोका मात्र नसतो.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत, हे मला आधी पटत नव्हतं पण यादी करून बघितली तर खरंच नाहीत. फील्डला एकट्याने न पाठवणं. विद्यापीठाचं ओळखपत्र, नावाचं जॅकेट, गाडीवर बोर्ड. आसपासच्या रहिवाशांना आणि पोलिसांना सुपरवायझरने आधीच जाऊन भेटून ठेवणं, विद्यार्थ्यावर ते न ढकलणं. "मला या साइटवर जायचं नाही" असं कारण न सांगता म्हणता येणं. संपर्काचं साधन प्रत्येकाकडे आणि तक्रारीचा नंबर टीमच्या बाहेरच्या माणसाचा, हे तर सगळ्यात आधी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये नियम आणला की कॅम्पसबाहेर संशोधन करायचं असेल तर सुरक्षित आणि सर्वांना सामावून घेणाऱ्या वातावरणाचा लेखी प्लॅन तयार आहे असं संस्थेने कबूल करायचं. लेखी प्लॅन ड्रॉवरमध्ये पडूनही राहू शकतो, मान्य आहे, पण कागदावर नाव आलं की निदान ते नाव असलेल्या माणसाला जाब विचारता येतो.

टॉयलेटचा विषय काढला की लोक हसतात किंवा गप्प होतात. दिवसभर उघड्या माळावर ट्रान्सेक्ट मारायचा (म्हणजे आखलेल्या रेषेवरून चालत नोंदी करायच्या), आडोसा नाही, टीममध्ये एकटी बाई, पाळी चालू, आणि थांबूया म्हणायची सोय नाही कारण उजेड आहे तोवर डेटा घ्यायचाय. मग पोरी पाणीच कमी पितात, आणि उन्हात पाणी कमी पिण्याचा परिणाम काय होतो ते सांगायला डॉक्टर लागत नाही. आडोशाचा छोटा तंबू, दर काही तासांनी ठरलेला ब्रेक, प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड, लहान मापाचे गमबूट आणि वेडर (पाण्यात उतरायची विजार), झालं काम. अपंगत्वाचंही तसंच, लोकांच्या डोक्यात इकॉलॉजिस्ट म्हणजे डोंगर चढणारा दणकट गडी, पण कॅमेरा ट्रॅपचे (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे) हजारो फोटो ओळखणं, आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून प्रजाती काढणं, सॅटेलाइटचा डेटा, मॉडेलिंग, हीसुद्धा इकॉलॉजीच आहे, आणि डांबरी रस्त्यालगत दोन प्लॉट आखायला कुणी अडवलेलं नसतं. रात्री शेकोटीभोवती दारू पीत ओळखी वाढवणं हा प्रकारही कितीजणांना बाहेर ठेवतो बघा, न पिणारा तिथे बसतो आणि दहा मिनिटांनी झोपायला निघून जातो, पण पुढच्या पेपरची टीम तिथेच ठरते.

फील्ड संपलं की पेपर लिहायचा, आणि इथे भाषा आडवी येते. २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण शास्त्रज्ञांचा सर्व्हे छापून आला, त्यात इंग्रजी फारसं चालत नाही अशा देशांतल्या तरुण संशोधकांना एक इंग्रजी पेपर वाचायला इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट वेळ लागतो असं दिसलं. पेपर इंग्रजीमुळे नाकारला जाण्याचं प्रमाण अडीच पट, आणि इंग्रजी सुधारून आणा असं सांगितलं जाण्याचं साडेबारा पट. म्हणजे दोघंही तितकेच हुशार आणि तितकेच कष्टाळू असले तरी एकाच्या पाठीवर न दिसणारी गोणी आहे, आणि शर्यत संपल्यावर आपण फक्त वेळ बघतो.

पेपर छापण्याआधी दुसरे शास्त्रज्ञ तो तपासतात, तो रिव्ह्यू. तो लेखकांची नावं लपवून केला तर? यावर भांडण जुनं आहे. बिहेवियरल इकॉलॉजी या जर्नलने २००१ मध्ये लेखकांची नावं रिव्ह्यूवाल्यांपासून लपवायला सुरुवात केली, आणि २००८ मध्ये पेपर आला की त्यामुळे बायकांचं प्रमाण वाढलं. सगळे खूश. मग त्याच वर्षी दुसऱ्यांनी दाखवलं की नावं न लपवणाऱ्या जर्नल्समध्येही प्रमाण तसंच वाढलंय. नंतर फंक्शनल इकॉलॉजीने नीट प्रयोगच केला, तीन वर्षं आलेले पेपर चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, एका गटात नावं दाखवली, दुसऱ्यात लपवली. निकाल असा की नावं दिसत होती तेव्हा श्रीमंत आणि इंग्रजी चांगलं असलेल्या देशांतल्या लेखकांना फायदा होत होता, लपवली तेव्हा तो बहुतांशी गेला. बाई-पुरुष फरकावर मात्र लपवण्याचा तसा परिणाम दिसला नाही. मला ही गोष्ट आवडते ती यासाठी की आपण जसं माशांवर किंवा झाडांवर प्रयोग करतो तसंच स्वतःच्या पद्धतींवर करून बघितलं, नुसतं चांगलं वाटतं म्हणून नियम बदलला नाही.

नोकरीच्या अर्जात नाव काय करतं तेही माहीत आहे. २०१२ चा प्रयोग, १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, निम्म्यांना जॉन नावाने आणि निम्म्यांना जेनिफर नावाने. जॉनला सरासरी ३०,२०० डॉलरच्या आसपास पगार देऊ केला, जेनिफरला २६,५०० च्या आसपास. आणि हे करणाऱ्यांत बायका-पुरुष दोघेही सारखेच. म्हणून "समितीत एक बाई घेतली की झालं" हे पुरत नाही, मुलाखतीआधी निकष लिहून काढणं, सगळ्यांना तेच प्रश्न, गुण आधी आणि चर्चा नंतर, असल्या रुक्ष गोष्टींचाच उपयोग होतो.

आणि पॅराशूट सायन्स. श्रीमंत देशातली टीम येते, स्थानिक लोक वाट दाखवतात, प्रजाती ओळखून देतात, टीम डेटा घेऊन जाते आणि पेपरवर स्थानिकांचं नावच नाही. समुद्रातल्या प्रवाळ खडकांवरच्या संशोधनाची तपासणी २०२१ मध्ये झाली, तेव्हा इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये फील्डवर्क केलेल्या पेपर्सपैकी ४० टक्क्यांमध्ये त्या देशातला एकही लेखक नव्हता. आभाराच्या परिच्छेदात नाव आलं म्हणून कुणाला पीएचडीची जागा मिळत नाही.

आता इकॉलॉजिस्टना त्यांच्याच भाषेत सांगायचं तर, एखादा प्राणी जिथून नाहीसा झाला तिथे परत सोडायचा असेल तर पहिला प्रश्न काय असतो? तो नाहीसा का झाला, आणि ते कारण गेलं का. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. शिकारी तसेच फिरतायत, पाणी तसंच दूषित आहे आणि आपण पुन्हा पुन्हा पिंजरे उघडतोय, असा प्रकल्प कुणी मंजूर करणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो, दरवर्षी नवी बॅच आणतो. वर जे दोन-चार टिकले त्यांनाच प्रत्येक डायव्हर्सिटी कमिटीत बसवतो, प्रत्येक पोस्टरवर फोटो त्यांचाच, प्रत्येक रडणारी विद्यार्थिनी त्यांच्याच केबिनमध्ये, आणि प्रमोशनच्या वेळी विचारतो की तुमचे पेपर कमी कसे? हे काम करून घ्यायचं असेल तर त्याचे तास कामाच्या तासांत धरा, पैसे द्या, प्रमोशनमध्ये मोजा, नाहीतर सांगू नका.

शेवटी, हे वाचणारं कुणी कुठल्या लॅबमध्ये जायच्या विचारात असेल तर जाण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना, प्रोफेसर समोर नसताना, थोडं विचारून घ्या. फील्डचे पैसे आधी मिळतात की स्वतःच्या खिशातून घालून नंतर बिलं द्यावी लागतात? फील्डवर फोन कुणाकडे असतो? असिस्टंटचं नाव पेपरवर लागतं का, आणि ते कधी ठरतं? मधेच सोडून गेलेलं कुणी आहे का, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर काय येतं ते तर ऐकाच, पण शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ थांबतो तेही बघा.